मांडवामागचा कारागीर



सभेत हार पडतात ते वक्त्याच्या गळ्यात, टाळ्या मिळतात त्या गायकाला. परंतु वक्त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविणारा आणि गायकाच्या मुखावर प्रकाश पाडणारा मनुष्य मात्र पडद्याआड, तारांच्या वेटोळ्यांत बसलेला असतो. त्याचा मालक ठरलेला नाही, वेतनही ठरलेले नाही. आज चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे नाट्यगृहात, उद्या मोशीच्या प्रदर्शनात, परवा चाकणच्या एखाद्या कारखान्यातील समारंभात, असा त्याचा संसार. २०१६ साली पिंपरी-चिंचवडला साहित्य संमेलन झाले, २०२४ साली शंभरावे नाट्यसंमेलन झाले. त्या मांडवांतही अशीच माणसे राबली. अशा कारागिराने कोणते शिक्षण घ्यावे व कोणती प्रमाणपत्रे जवळ बाळगावीत, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

माझा एक जुना विद्यार्थी बारा वर्षे हाच व्यवसाय करीत आहे. गेल्या वर्षी चाकणच्या एका कारखान्यात समारंभ होता. सामान घेऊन तो पहाटेच दारावर पोहोचला. तेथील सुरक्षा अधिकाऱ्याने उंचीवरील कामाचे प्रमाणपत्र, विजेच्या कामाचा परवाना आणि वैद्यकीय दाखला मागितला. याच्यापाशी एकही कागद नव्हता. त्याच्याच हाताखाली शिकलेला पोरगा आत गेला आणि हा दिवसभर टेम्पोत बसून राहिला. सायंकाळी तो माझ्या घरी आला व म्हणाला, "सर, कागदापेक्षा काम मोठे, असे तुम्हीच वर्गात सांगत होता. मग आज कागद मोठा का ठरला?"

प्रश्न मला लागला. उत्तर देण्यापूर्वी मी त्याला एक उलट प्रश्न केला. शंभर किलोचे वजन दोन दोरांनी टांगले आणि त्या दोरांमधील कोन १२० अंशांचा झाला, तर प्रत्येक दोरावर ताण किती? तो तत्काळ म्हणाला, "पन्नास किलो." वस्तुतः तो ताण पुरा शंभर किलोचा होतो. कोन जसजसा रुंदावतो, तसतसा ताण वाढतच जातो. बारा वर्षे त्याने लोकांच्या डोक्यांवर दिव्यांचे सांगाडे टांगले होते ते केवळ नजरेच्या अंदाजाने. तो गप्प झाला, मीही झालो. कारण हे गणित त्याला शिकविणे माझ्याच हाती होते. दारावरचा तो अधिकारी कठोर होता खरा, परंतु चुकीचा नव्हता.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम वीज. मांडवात तीन फेजांचा पुरवठा किंवा जनरेटर असतो. एका फेजवर २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजांमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. न्यूट्रलची तार सैल झाली, तर २३० व्होल्टच्या यंत्रावर त्याहून पुष्कळ अधिक दाब चढतो आणि क्षणार्धात ध्वनियंत्रणा जळून जाते. मनुष्याचे तर याहून सोपे असते. यास्तव अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक यंत्र यांचे ज्ञान अवश्य हवे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तारतंत्री व वीजतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवितात. पिंपरीत मोरवाडीला महानगरपालिकेचीच अशी संस्था आहे. पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना मिळविता येतो. तरुण मुलाने हा मार्ग टाळू नये.

दुसरे, उंचीवरील काम. हार्नेस कसा बांधावा, तो कशाला अडकवावा, शॅकल व स्लिंग यांवर छापलेली भारमर्यादा कशी वाचावी, हे थोड्या दिवसांत शिकता येते. मात्र जेथे दोरावर प्रत्यक्ष चढवितात, तेथेच जावे. तिसरे, प्रथमोपचार व आग विझविणे. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्ससारख्या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. शॉक लागलेल्याला हात लावण्यापूर्वी वीज तोडावयाची असते, एवढे एक वाक्य पाठ असले तरी एखादा जीव वाचतो.

यानंतर कलेचे शिक्षण. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे लघुअभ्यासक्रम आहेत. डान्टे या ध्वनिजालाचे प्रशिक्षण तर त्याचे निर्मातेच घरबसल्या विनामूल्य देतात. ज्याने अनुभवाने विद्या मिळविली, त्याची परीक्षा घेऊन तिला मान्यता देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. समारंभाचे चित्रण ड्रोनने करणाऱ्यास २०२१ च्या नियमांप्रमाणे, अगदी लहान नॅनो वर्ग वगळता, वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. आणि ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवण्याचा २००० सालचा नियम प्रत्येकाने जाणावा. वर्षातील मोजक्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते, तेवढीच.

एक इशारा देतो. दोन तासांत, परीक्षेवाचून, केवळ पैसे घेऊन मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे नुसती चौकट होय. ते भिंतीवर शोभेल, पण सांगाडा पेलणार नाही. त्याऐवजी वर्षाला वीस रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घालावे. अपघाती मृत्यू आल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. ज्याला मालक नाही, त्याच्यामागे कोणीतरी उभे असावे.

आता श्रोत्यांस एक विनंती. आपल्या घरी लग्नकार्य निघते, सोसायटीत गणपती बसतो. तेव्हा आपण मांडववाल्याशी पैशाची घासाघीस करतो, परंतु "अर्थिंग तपासले काय? वर चढणाऱ्याला पट्टा आहे काय?" असे कितीजण विचारतात? मागणारा असेल तरच शिकणारा शिकेल.

माझा विद्यार्थी यंदा पावसाळ्यात, काम मंद असताना, उंचीवरील कामाचा वर्ग करून आला. त्याने मला प्रमाणपत्र दाखविले नाही. कागदावर दोन दोर काढून, त्यांमधील कोन मांडून, त्याने प्रत्येक दोरावरचा ताण मला बरोबर सांगितला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकतो. काम कागदाहून मोठेच आहे. परंतु कागद मिळविताना जे शिकावे लागते, त्यावाचून ते काम पुरे होत नाही.