समाजमाध्यम : विद्यार्थ्याचे वर्तमानपत्र

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. त्यासाठी आपल्या कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत दिली. आपले म्हणणे चार लोकांपर्यंत पोहोचवायला त्या काळी छापखाना, कागद आणि पैसा लागत असे. आज शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात मोबाईलच्या रूपाने स्वतःचे वर्तमानपत्रच आहे. प्रश्न एवढाच, की आपण त्यात काय छापतो?

घरातला पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाला चिठ्ठी देणारा ओळखीचा साहेब नसतो. ही उणीव लिंक्डइनसारखे माध्यम काही अंशी भरून काढते. तेथे खरे नाव, शिक्षण आणि प्रत्यक्ष केलेले काम लिहावे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपला प्रकल्प दहा ओळींत समजावून सांगावा. समाजकार्याच्या विद्यार्थिनीने वस्तीतील पाहणीचे निष्कर्ष, कोणाचेही नाव उघड न करता, मांडावेत. अनोळखी प्राध्यापकांना नुसते 'हाय सर' पाठवू नये. आपण कोण, त्यांचे काय वाचले आणि आपला नेमका प्रश्न कोणता, हे चार ओळींत कळवावे. नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून मात्र चार हात दूर राहावे.

या माध्यमाची दुसरी बाजूही कोल्हापूरने अनुभवली आहे. जून २०२३ मध्ये आक्षेपार्ह स्टेटसवरून शहरात तणाव झाला. ७ जूनला दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, इंटरनेट बंद ठेवले गेले. स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. स्क्रीनशॉट राहतो आणि गुन्हा नोंदला गेला तर तोही राहतो. पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. आई-बापाने मोलमजुरी करून दिलेले शिक्षण एका बोटाच्या घाईने पणाला लागू नये.

म्हणून गप्प बसा, असे आम्ही म्हणत नाही. 'मूकनायक'चा वारसा मुकेपणाचा नाही. समाजमाध्यमावरील लिखाणासाठी अटक करायला वापरले गेलेले कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. अन्यायावर जरूर लिहा. पण तारीख, पुरावा आणि स्वतःचे नाव घालून लिहा. आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी तो कोणी, कधी लिहिला ते पाहा. मुलाखत घेणाऱ्यांसमोर मोठ्याने वाचता येईल, तेवढेच आपल्या नावाने छापा.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम!