उंच बास्केट आणि ठेंगणा गार्ड

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनाला मुख्याध्यापकांनी चार शब्द बोलावेत, त्यांत ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द दोनदा यावा आणि मग मशाल पेटावी, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज मी तुमचा थोडा अधिक वेळ घेणार आहे. त्याचे कारण एक प्रश्न आहे. गेल्या वर्षी आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धेत आपल्या मुलींचा संघ पहिल्याच फेरीत हरला. परतताना बसमध्ये नववीतली एक मुलगी मला म्हणाली, “बाई, त्या सगळ्या आमच्याहून वीतभर उंच होत्या. आम्ही काय करणार होतो?”

मी म्हणाले, “उंचीने काही होत नाही गं, जिद्द हवी.” ती काही बोलली नाही, खिडकीबाहेर पाहू लागली. आपण या मुलीला खोटे उत्तर दिले, हे मला त्याच क्षणी जाणवले. शिक्षकाने दिलेले खोटे उत्तर मुलांना फार लवकर कळते. म्हणून आज तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

खऱ्या उत्तराची सुरुवात कबुलीने करावी लागेल. बास्केटबॉलमध्ये उंचीने पुष्कळ काही होते. बास्केटचे कडे जमिनीपासून १० फुटांवर असते आणि ज्याचा हात त्याच्या जवळ, त्याचे काम सोपे. कुस्तीत वजनगट असतात. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्यासमोर उभे राहिलेले मल्ल त्यांच्याच वजनगटातले होते. तेथे पैलवान पैलवानाला तोलून भिडतो. बास्केटबॉलमध्ये वयोगट आहेत, पण उंचीचे गट नाहीत. साडेपाच फुटांचा आणि सात फुटांचा खेळाडू एकाच मैदानात, एकाच नियमाखाली, एकाच चेंडूसाठी उभे राहतात.

यात एक गंमत आहे. हा खेळ ज्यांनी शोधला, त्या जेम्स नेस्मिथ यांनी बास्केट उंचावर लावले ते शरीरबळाची सद्दी संपवण्यासाठी. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, कडाक्याच्या थंडीत, बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ त्यांना हवा होता. फुटबॉलसारखे गोल जमिनीवर ठेवले, तर मुले चेंडू जोराने मारणार आणि एकमेकांना जखमी करणार. बास्केट डोक्यावर आणि आडवे असेल, तर चेंडू अलगद, कमानीसारखा फेकावा लागेल. तेथे जोराचा उपयोग नाही, कौशल्याचा आहे, असा त्यांचा विचार होता. सभागृहाच्या सज्जाला त्यांनी पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. पुढे उंच माणसे या खेळात आली आणि नेस्मिथ यांनी दंडाच्या बळाला मिटलेले दार उंचीला मात्र उघडे राहिले. १९४० च्या दशकात तर उंच खेळाडू बास्केटजवळ उभे राहून खाली येणारा चेंडू सरळ हाताने उडवून लावत. अखेर अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धांत त्यावर नियमाने बंदी घालावी लागली.

अशा खेळात ठेंगण्या खेळाडूने करायचे काय? अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये या प्रश्नाला पुन:पुन्हा उत्तर मिळाले आहे. त्यांतील दोन उत्तरे मी तुम्हांला सांगते.

पहिले उत्तर टायरोन बोग्स यांचे. बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतला हा मुलगा. जग त्याला ‘मग्सी’ या टोपणनावाने ओळखते. त्याची उंची ५ फूट ३ इंच. म्हणजे या सभागृहातील आठवी-नववीची कितीतरी मुले त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतील. १९८३ साली तो वेक फॉरेस्ट विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला फार थोडा खेळ आला. पण शेवटच्या वर्षापर्यंत परिस्थिती अशी पालटली, की त्याच्यासमोर चेंडू टप्पे देत नेण्याची प्रतिस्पर्ध्यांना धास्ती वाटू लागली. १९८६ च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेने महाविद्यालयीन खेळाडूंचा संघ पाठवला. त्या संघात बोग्स होता आणि अंतिम सामन्यात त्या संघाने सोव्हिएत संघाला ८७-८५ असे हरवले. सोव्हिएत संघाचा आधारस्तंभ होता सव्वासात फूट उंचीचा अर्विदास सबोनिस. पुढे बोग्स १४ हंगाम व्यावसायिक बास्केटबॉल खेळला. अमेरिकेच्या एनबीए या सर्वोच्च स्पर्धेच्या इतिहासातील तो सर्वांत ठेंगणा खेळाडू आहे.

त्याने हे साधले कसे? ‘जिद्दीने’ असे म्हणून मी पुन्हा तीच चूक करणार नाही. जिद्द तर हरणाऱ्यांपाशीही असते. बोग्सपाशी जिद्दीबरोबर एक पक्की समज होती. चेंडू हवेत असेल तेव्हा तो उंच माणसाचा. पण प्रत्येक चेंडूला केव्हा ना केव्हा जमिनीवर यावेच लागते. ठेंगण्या खेळाडूचा हात जमिनीजवळ असतो. त्याचा टप्पा आखूड, म्हणून चेंडू क्षणात परत हातात येतो आणि हिसकावणाऱ्याला वेळच मिळत नाही. उलट उंच खेळाडूला चेंडूपर्यंत पोहोचायला कमरेत वाकावे लागते आणि वाकला की त्याचा तोल ढळतो. त्या तोल ढळण्याच्या निमिषात ठेंगणा गार्ड निसटून जातो. त्यात तो सतत एका वेगाने धावत नाही. धावता धावता थबकतो, समोरचा थांबला की पुन्हा सुटतो. लांब पायांना थांबायला आणि वळायला अधिक वेळ लागतो, हे त्याला ठाऊक असते.

दुसरे साधन अंतर. १९८६-८७ च्या हंगामापासून अमेरिकी महाविद्यालयांत सर्वत्र, ठरावीक रेषेपलीकडून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळू लागले. इतक्या लांबून चेंडू टाकायला लागते ती अर्ध्या क्षणाची मोकळीक आणि हजारो वेळा घोटलेला हात. तिसरे साधन सोबत्याचे. संघातला धिप्पाड सोबती वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. त्याला ‘स्क्रीन’ म्हणतात. गार्डच्या मागावर असलेला प्रतिस्पर्धी त्या भिंतीवर अडतो, मग त्यांच्या उंच खेळाडूला बास्केट सोडून गार्डला अडवायला बाहेर यावे लागते. तो बाहेर आला, की बास्केटजवळची जागा मोकळी आणि उंची मैदानाच्या चुकीच्या टोकाला! एवढे करून गार्ड आत घुसलाच, तर उंच पंजावरून जाईल असा कमानदार, हलका चेंडू सोडतो. नेस्मिथ यांच्या मनात १८९१ साली होता, तो हाच अलगद फेकलेला चेंडू असावा, असे मला वाटते.

आता दुसरे उत्तर. २३ मार्च २०२३. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ६८ संघांची राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा. एकदा हरलात, की घरी. कॅन्सस स्टेट विरुद्ध मिशिगन स्टेट. कॅन्सस स्टेटचा गार्ड मार्क्विस नोवेल याच न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा. उंची ५ फूट ८ इंच. नामांकित विद्यापीठांनी त्याला आरंभी विचारले नव्हते. लिटल रॉकच्या लहान विद्यापीठात खेळून तो येथवर आला होता. त्या वर्षी नवे प्रशिक्षक आले, तेव्हा आधीच्या संघातले दोनच खेळाडू उरले होते; त्यांपैकी एक नोवेल. हंगामापूर्वीच्या अंदाजात त्यांचा संघ आपल्या गटात शेवटच्या स्थानी धरला गेला होता.

हा सामना आपल्या क्रीडाशिक्षकांनी मला आणि मुलींच्या संघाला संगणक कक्षात दाखवला. उत्तरार्धात नोवेलचा घोटा मुरगळला. पट्टी बांधून तो परत आला. सामना जादा वेळेत गेला, शेवटचे मिनिट आले, गुण बरोबरीत होते. नोवेल चेंडू घेऊन लांब उभा. बाकावरच्या प्रशिक्षकांशी त्याची काही बोलाचाली चालली आहे, असे पाहणाऱ्याला वाटावे. तेवढ्यात त्याने चेंडू उंच भिरकावला. सोबती कीऑन्टे जॉन्सनने तो हवेतच झेलून पाठमोऱ्याने बास्केटमध्ये घातला. आमच्या मुली बाकांवर उभ्या राहिल्या. शेवटच्या क्षणी नोवेलनेच चेंडू हिसकावला आणि सामना ९८-९३ असा संपवला.

त्या दिवशी त्याचे स्वतःचे गुण २०. पण इतिहासात नोंद झाली ती दुसऱ्या आकड्याची. त्याने १९ ‘असिस्ट’ दिले. ज्या पासवर सोबती लगेच बास्केट करतो, त्या पासला असिस्ट म्हणतात. या स्पर्धेतील ३६ वर्षे जुना १८ चा विक्रम त्या रात्री मोडला. मुलांनो, या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. असिस्ट एकट्याने मिळवताच येत नाही. तुमचा पास कितीही देखणा असो, सोबत्याचा नेम चुकला तर तुमच्या नावावर काहीही लागत नाही. म्हणजे त्या ठेंगण्या गार्डचा विक्रम हा इतरांनी केलेल्या १९ बास्केट्सचा विक्रम आहे.

आणि गोष्ट इथे संपत नाही. दोनच दिवसांनी, त्याच मैदानावर, फ्लोरिडा अटलांटिकशी सामना झाला. नोवेलने ३० गुण केले, १२ असिस्ट दिले. तरी त्याचा संघ ७९-७६ असा हरला. अखेरच्या क्षणी तीन गुणांची पिछाडी असताना चेंडू नोवेलपाशी होता. त्याने तो सोबत्याकडे दिला आणि सोबत्याच्या हातून चेंडू सुटला. काहींना वाटेल, त्याने स्वतःच टाकायला हवा होता. मला तसे वाटत नाही. ज्या विश्वासाने दोन दिवसांपूर्वी १९ वेळा फळ दिले, तोच विश्वास त्याने विसाव्यांदा, एकतिसाव्यांदा आणि शेवटच्या वेळीही ठेवला.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी नव्याने नोकरीला लागले, तेव्हा क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती आणि मराठी शिकवता शिकवता मुलींचा संघ निवडण्याचे कामही माझ्याकडे आले. मला खेळातले काही कळत नव्हते. मी मुलींना व्हरांड्यातल्या खांबाशी एकेक करून उभे केले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि वरच्या दहा निवडल्या. सर्वांत खालची खूण ज्या मुलीची होती, तिला गुणलेखनाची वही दिली. वर्षभर ती मैदानाच्या कडेला बसून वही लिहीत राहिली.

हीरक महोत्सवी प्रदर्शनासाठी यंदा आम्ही जुनी कपाटे उघडली, तेव्हा ती वही सापडली. तीत गुणांच्या रकान्याशेजारी तिने आपण होऊन एक रकाना आखला होता. प्रत्येक बास्केटपूर्वी चेंडू कोणी दिला, त्या मुलीचे नाव त्यात होते. ‘असिस्ट’ हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता, तिलाही नसावा. पण खेळ कोठून घडतो हे तिला दिसत होते. ज्या मुलीला संपूर्ण मैदान दिसत होते, तिला मी मैदानाबाहेर बसवले, कारण मी तिला खेळताना एकदाही पाहिले नव्हते. तिची फक्त खूण पाहिली होती. ती कुठे असेल, ठाऊक नाही. आज ती या सभागृहात असेल, तर तिने प्रदर्शनातली ती वही जरूर पाहावी आणि मला भेटावे. माझे तिच्याशी एक बोलणे राहिले आहे.

म्हणून क्रीडाशिक्षकांशी विचारविनिमय करून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. या वर्षापासून संघनिवडीच्या वेळी कोणाचीही उंची मोजली जाणार नाही. सातवी ते नववीतील जी मुलगी नाव देईल, ती एक सत्र पूर्ण खेळेल. निवड त्यानंतर होईल. उंच मुलींनाही दोन्ही हातांनी चेंडू नेणे शिकावे लागेल आणि ठेंगण्या मुलींनाही बास्केटखाली अंग घालावे लागेल. गुणफलकाच्या वहीत असिस्टचा रकाना छापील असेल.

आणि बसमधल्या त्या मुलीला, जी आता दहावीत आहे आणि आज याच सभागृहात बसली आहे, मी माझे दुरुस्त केलेले उत्तर देते. बाळ, त्या मुली उंच होत्या आणि त्याचा त्यांना फायदा झाला, हे खरे आहे. रिबाउंडच्या वेळी तो पुढेही होईल. प्रतिस्पर्धी मुद्दाम तुझ्यावरून चेंडू टाकतील. ती उणीव तुझ्या सोबतिणींनी भरून काढायची आहे. तुझ्याकडे जमीन आहे, वेग आहे, डोळे आहेत आणि चौघी जणी आहेत. यांचा वापर कसा करायचा, हे तुला कोणी शिकवले नव्हते. ती चूक तुझी नव्हती, आमची होती. आता शिकू या.

संध्याकाळी साडेचार वाजता मैदान उघडे असेल. क्रीडासप्ताहाचे उद्घाटन झाले, असे मी जाहीर करते.