सड्यावरचे खड्डे



या व्याख्यानमालेत गेले आठ दिवस आपण मोठमोठ्या विषयांवर मोठमोठ्या वक्त्यांना ऐकले. काल तर राज्यघटनेवर व्याख्यान झाले. त्यानंतर आज एका निवृत्त शाळामास्तराने उठून गवताविषयी बोलावे, हा क्रम चिटणीसांनी कसा लावला हे तेच जाणोत. पक्वान्नानंतर पानावर ताक वाढतात, त्यातलाच हा प्रकार असावा.

मला आमच्या मंडळाच्या कार्याविषयी बोलायला सांगितले आहे. मंडळ म्हणण्यासारखे त्यात फारसे काही नाही. नोंदणी नाही, कचेरी नाही, पावतीपुस्तकही नाही. दोन शिक्षिका, एक औषधविक्रेते, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक शिंपी, कॉलेजातली चारपाच मुले आणि मी, असे दहाबारा जण रविवारी सकाळी जमतो आणि या भागातली मूळची झाडेझुडपे राखण्याचा उद्योग करतो. त्याचा अहवाल वाचायचा तर पाच मिनिटांत आटोपेल. म्हणून अहवालाऐवजी आमच्या हातून घडलेली एक चूकच आज सांगतो. त्या चुकीचा येत्या जून महिन्याशी संबंध आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळांनी दिलेल्या वर्गणीशीही आहे.

आपल्या गावाच्या पश्चिमेचा सडा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. निदान एस. टी.च्या खिडकीतून तरी पाहिला आहे. आत्ता वैशाखात तो कसा दिसतो? करपलेला, काळा-तांबडा, उघडाबोडका. कुणाही भल्या माणसाला त्याची कीव यावी. २००९ साली आम्हालाही अशीच कीव आली. तेव्हा आमच्या मंडळाला वृक्षारोपणाखेरीज दुसरे काही ठाऊक नव्हते. सडा हिरवा करायचा, असा आम्ही संकल्प सोडला. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेची मुले बरोबर घेतली, पहारी-कुदळी घेतल्या, आणि चार रविवारांत दीडशेच्या वर खड्डे काढले. जांभ्यावर माती चार बोटे, फार तर वीतभर. जिथे जरा खोल माती लागे तिथे आम्हाला आनंद होई आणि नेमका तिथेच खड्डा घेतला जाई.

त्या खड्ड्यांतून लहान बटाट्यासारखे चपटे गड्डे निघू लागले. मुलांनी विचारले, "गुरुजी, हे काय?" मला ठाऊक नव्हते. जवळच एक म्हातारे धनगरबाबा शेळ्या घेऊन बसले होते. ते म्हणाले, "हमण हाय ती. खावा की, ग्वाड लागतीया." मुलांनी चड्डीला पुसून खाल्ले. एक मीही खाल्ला. चवीला थोडा गुळमट, थोडा तुरट. धनगरबाबांनी जाताजाता आणखी एक वाक्य टाकले, "पर मास्तर, हितं झाडं न्हाई व्हायची. झाडांची जागा न्हवं ही." आम्ही ते हसण्यावारी नेले. अडाणी माणूस, त्याला पर्यावरण काय कळणार, असे आम्हा शिकलेल्यांना वाटले.

जूनमध्ये रोपे लावली. वरून मागवलेली होती, गिरिपुष्प आणि गुलमोहर. ऑगस्टमध्ये एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पाहुणे म्हणून गावात आले होते, त्यांना मोठ्या अभिमानाने आमचे काम दाखवायला नेले. ते रोपांकडे पाहीनातच. खाली वाकून गवत चाळू लागले. एका खड्ड्याच्या कडेला त्यांना वीतभर उंचीचे एक झुडूप सापडले, त्याला कंदिलासारखे फूल. ते म्हणाले, "ही खरचुडी. इथे किती आहेत?" मी म्हणालो, "मोजल्या नाहीत." मग त्यांनी कंदाचे वर्णन केले, चपटा, बटाट्यासारखा, आणि माझ्या पोटात गोळा आला. किती होत्या ते मला बऱ्यापैकी सांगता आले असते. त्यांतली एक मी खाल्ली होती.

खरचुडी, हमण, कंदीलपुष्प ही नावे आपण ज्या वनस्पतींना देतो, तिच्या भारतात पन्नासाच्या वर जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक भारताबाहेर कुठेच उगवत नाहीत. काही तर सह्याद्रीच्या एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच आहेत. तिच्या फुलाची रचना पाहण्याजोगी असते. खाली फुगीर भांडे, वर अरुंद नळी, आणि माथ्यावर पाकळ्यांचा पिंजरा. वासाला भुलून बारीक माशी नळीत शिरते. नळीत आतले केस खाली वळलेले असतात, म्हणून आत जाणे सोपे आणि बाहेर येणे अशक्य. माशी त्या कोठडीत अडकते. मग केस सुकतात, फूल कलते, आणि पराग अंगाला चिकटवून घेऊन माशी सुटते ती दुसऱ्या कंदिलात अडकायला. आपल्याकडे जामिनावर सुटलेले काही लोक असेच करतात, पण तो आजचा विषय नाही. पुढे शिंगांसारखी जोडशेंग येते, ती फुटली की रेशमी झुबक्याचे बी वाऱ्यावर जाते. दिवाळीनंतर वरचा भाग वाळून नाहीसा होतो, आणि उन्हाळाभर ही वनस्पती फक्त जमिनीखाली कंदरूपाने असते. मे महिन्यात खड्डा खणणाऱ्याला ती दिसणार कशी? आम्ही रिकामी जमीन खणत आहोत असे समजत होतो, आणि खणत होतो भरलेले कोठार.

सड्याची सगळी रीतच अशी आहे. पहिला पाऊस पडला की दीपकाडी वर येते. मग भुईआमऱ्या, मग तेरडा, कवला, पाणथळीत गेंद आणि सीतेची आसवे, आणि पाऊस ओसरताना सोनकी. सीतेची आसवे हे नाव आपल्या बायकांनी फार सुंदर ठेवले आहे, परंतु ते रोप मांसाहारी आहे! सड्याच्या मातीत नत्र नाही, म्हणून ते बारीक पिशव्या लावून पाण्यातले सूक्ष्म जीव धरते. चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी टाकायचे आणि आठ महिने दडून बसायचे. या सगळ्या मंडळींना ऊन लागते. त्यांच्या डोक्यावर झाडाची सावली आणि पाचोळ्याचा थर आला की ती मरतात. कासच्या पठाराला २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांपैकी एक म्हणून जागतिक वारशाचा मान मिळाला, तो अशाच उघड्याबोडक्या जमिनीसाठी. तिथल्या तळ्याकाठचा वायतुरा तर शास्त्राच्या पुस्तकात आला तोच मुळी १९८२ साली. डाल्झेल, कुक असल्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकापासून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोठमोठी पुस्तके सिद्ध केली, तरी साताऱ्याच्या डोक्यावरचे हे रोप नजरेतून सुटले होते. मग आपल्या सड्यावर काय काय आहे, हे कोण छातीठोकपणे सांगेल?

आता आमच्या रोपांचे काय झाले ते ऐका. गुलमोहर सगळे मेले. गिरिपुष्प जगले. ते मूळचे मध्य अमेरिकेतले. त्याला आपल्याकडे उंदीरमारी असेही म्हणतात, यावरून त्याची प्रकृती ध्यानात येईल. आपली शेळी सहसा त्याला तोंड लावत नाही, म्हणून लावणाऱ्याला ते फार सोयीचे. शंभरांतली नव्वद जगली असे फलकावर लिहिता येते. डोंगर हिरवा होतो. पण त्याखाली आपले काही उगवत नाही. घाणेरीची कथा याच जातीची. कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेले झुडूप आज साऱ्या देशाच्या रानावर बसले आहे. पुढची तीन वर्षे आम्ही काय केले म्हणाल, तर आपण लावलेले आपणच उपटले. मंडळात यावरून भांडण झाले, ते लपवत नाही. आमचे एक जुने सहकारी म्हणाले, "लावलेले झाड मी तोडणार नाही, हिरवे ते हिरवे." ते मंडळ सोडून गेले. माणूस सज्जन. अजूनही रस्त्यात भेटले की आम्ही एकमेकांना नमस्कार करतो, पण झाडांविषयी बोलत नाही.

सड्यावर आज आम्ही जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेच आमचे तिथले मुख्य काम आहे. पावसाळ्यात दर रविवारी ठरलेल्या वाटेने जातो, काय फुलले ते वहीत टिपतो, खरचुडीची झाडे मोजतो, पण ती कुठे आहेत ते कुणाला सांगत नाही. हिवाळ्यात वणवा लागला तर धावतो. धनगरांच्या शेळ्यांना आम्ही हटकत नाही. सुरुवातीला हटकत होतो. पण थोडी चराई असली की उंच गवत माजत नाही आणि बुटक्या फुलांना ऊन मिळते, हे आमच्या वहीनेच आम्हाला दाखवले. कासलाही कुंपण घातल्यावर गुरे थांबली आणि गवत माजले, असे म्हणणे पुढे आले होते.

झाडे लावण्याचे काम आम्ही सोडलेले नाही. ते ओढ्याकाठी, गायरानाच्या उतारावर आणि शाळांच्या आवारात नेले आहे. रोपे विकत आणत नाही. बी आसपासच्या देवरायांतून आणि जुन्या झाडांखालून वेचतो. देवरायांचे महत्त्व माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात अभ्यासून मांडले, तोवर आपल्याला ती देवभोळ्या माणसांची अडगळ वाटत होती.

बी वेचणे सोपे, उगवणे कठीण. बहाव्याचे बी नुसते पेरले तर महिनोन् महिने ढिम्म. त्याचे कवच फार टणक असते. रानात कोल्हे-माकडे शेंगेतला गर खातात, तेव्हा त्यांच्या पोटात ते काम होते. आम्ही बी खरखरीत दगडावर घासतो. आमचे शिंपीकाका हे काम फार निगुतीने करतात. बियाला कान पडेपर्यंत घासायचे, अंकुराला धक्का लागता कामा नये. धावड्याने आम्हाला रडवले. मूठभर बी पेरावे आणि एखादे उगवावे, कारण बी बहुतेक पोचटच असते. पळसाचे बी ठेवणीत टिकत नाही, ताजेच पेरावे लागते. सावरीची बोंडे उकलण्याआधी गाठावी लागतात, नाहीतर कापूस गावभर आणि बी त्याच्याबरोबर. चंदन एकटे वाढत नाही, त्याला दुसऱ्याच्या मुळातून खायला लागते, म्हणून कुंडीत त्याच्या शेजारी तूर लावतो. एवढे करून आमच्याकडे वर्षाला दोनतीनशे रोपे तयार होतात. हे फार थोडे आहे, मला मान्य आहे.

चोरीचाही प्रश्न आहे. नरक्या नावाचे एक झाड घाटमाथ्यावर आहे, त्यापासून कर्करोगावरच्या औषधाचे द्रव्य मिळते. ते कळल्यापासून त्याची पोत्यांनी तोड झाली. म्हणून आम्ही वहीतल्या जागा सांगत नाही असे म्हटले. कुणाला त्यात तुसडेपणा वाटला तर क्षमा असावी.

आता येत्या जूनकडे येतो. गावातल्या भल्या माणसांनी वर्गणी जमवून सड्यावर पाच हजार झाडे लावण्याचे ठरवले आहे. खड्ड्यांसाठी यंत्र सांगितले आहे असे ऐकतो. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. २००९ साली मी नेमका तेच करत होतो, आणि तेही त्यांच्याहून जास्त घमेंडीने. आमच्या दीडशे खड्ड्यांनी जे नासले ते पुन्हा भरून आलेले नाही. ज्या भागात आम्ही खणले तिथे पहिल्या मोजणीत खरचुडीची अकरा झाडे होती. गेल्या भाद्रपदात चौदा मोजली. इतक्या वर्षांत वाढ तीन झाडांची. हाताने खणलेल्या दीडशे खड्ड्यांचे हे असे झाले. यंत्राच्या पाच हजारांचा हिशेब मी मांडत नाही.

वर्गणी परत करावी असे मी म्हणत नाही. ओढ्याची पाऊण कोसाची दोन्ही काठे उघडी पडली आहेत. तिथे जांभूळ, उंबर, करंज, अर्जुन सुखाने होतील. स्मशानाकडच्या उतारावर खैर, हिवर, पळस, मोई चालतील. पाच हजार होणार नाहीत, हजारबाराशे होतील, आणि त्यांना तीन उन्हाळे पाणी घालावे लागेल. उरलेले पैसे त्या पाण्यावर खर्च व्हावेत. समितीचे काही सभासद आज पुढच्या रांगेत बसले आहेत. व्याख्यान संपल्यावर त्यांनी मला चहाला न नेता, उद्या सकाळी साडेसहाला माझ्याबरोबर सड्यावर यावे, अशी या व्यासपीठावरून विनंती करतो. या दिवसांत तिथे दिसण्यासारखे काही नाही. मी त्यांना आमचे जुने खड्डे दाखवीन.

आणि बाकीच्यांसाठी एवढेच की, कचेरीच्या आवारातला बहावा आता फुलून पिवळा झाला आहे, पण त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा अजून लोंबत आहेत. त्या रविवारी काढायच्या आहेत. लांब काठी असेल त्याने काठी आणावी, इतरांनी पिशवी आणावी. गराचा डाग कपड्यावरून जात नाही, तेव्हा जुने कपडे घालून यावे.