सातांतील एक

सिंगापुरात दर सात प्रौढ रहिवाशांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य, चिंता, मंत्रचळ किंवा मद्यासक्ती यांसारख्या एखाद्या विकाराने गाठलेले असते, असा निष्कर्ष येथील मानसिक आरोग्य संस्थेने 2016 च्या पाहणीवरून काढला. घरोघर खानेसुमारी न करता, अवघ्या 6,126 माणसांशी बोलून साऱ्या देशाच्या मनाचा हिशेब कोणत्या आधारावर मांडता येतो, हे समजून घेतल्यावाचून त्या आकड्यावर विसंबणे काय किंवा तो झिडकारणे काय, दोन्ही सारखेच अविचाराचे ठरेल.

पहिला आधार नमुन्याचा. ज्यांच्याविषयी बोलायचे ते सगळे लोक म्हणजे समष्टी, आणि तिच्यातून कोणाची मर्जी न पाहता, निव्वळ यदृच्छेने निवडलेली माणसे म्हणजे नमुना. येथील रहिवाशांत चिनी सुमारे तीन-चतुर्थांश आहेत. तेव्हा साधी निवड केली असती, तर मलय व भारतीय इतके तुरळक आले असते की त्यांच्याविषयी खात्रीने काही म्हणता आले नसते. म्हणून समष्टीचे स्तर पाडून तिन्ही समाजांतून जवळजवळ सारखीच माणसे घेण्यात आली, आणि अखेरच्या हिशेबात प्रत्येकाच्या उत्तराला लोकसंख्येतील प्रमाणानुसार भार देण्यात आला.

दुसरा आधार साधनाचा. मुलाखतकाराने सर्वांना ठरलेलेच प्रश्न ठरलेल्याच शब्दांत विचारायचे, ते अशासाठी की विचारणारा बदलला तरी उत्तर बदलू नये, ही विश्वसनीयता. आणि चार दिवसांच्या उदासीला नैराश्याचा विकार समजले जाऊ नये, जे मोजायचे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता.

एवढे करूनही यदृच्छेचा अंश उरतोच. याच संस्थेच्या 2010 च्या पाहणीत शेकडा 12 असलेले प्रमाण 2016 मध्ये 13.9 झाले. सहा हजारांच्या साध्या नमुन्यात असा आकडा केवळ योगायोगाने 0.9 च्या आसपास खालीवर होऊ शकतो, आणि असा असमान भार द्यावा लागलेल्या स्तरित नमुन्यात त्याहून अधिक. तरीही हा सारा फरक योगायोगाच्या माथी मारणे कठीण आहे. मात्र विकार वाढले की त्यांविषयी बोलण्याचे धैर्य वाढले, याचा निवाडा या दोन पाहण्या करू शकत नाहीत, कारण दोहोंपैकी काहीही घडले असले तरी आकडा सारखाच वाढलेला दिसेल.

आपण सिंगापुरातील मराठी माणसांनी आणखी एक तपशील ध्यानी घ्यावा. ही पाहणी नागरिकांची आणि कायम रहिवाशांची होती, तीही इंग्रजी, चिनी वा मलय भाषेत उत्तर देऊ शकणाऱ्यांची. नोकरीच्या परवान्यावर आलेला अभियंता किंवा केवळ मराठी जाणणारी त्याची आई यांच्या मनाविषयी ती काहीच सांगत नाही.

निवड झालेल्यांपैकी शेकडा सुमारे 30 जणांकडून उत्तर मिळाले नाही, आणि विकारग्रस्तांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी तज्ज्ञाची मदत घेतली नव्हती, हे याच पाहणीतून उघड झाले. तेव्हा असा मुलाखतकार आपल्या दारी आला, तर त्याला आत घ्यावे आणि खरे तेच सांगावे. आपल्या एका उत्तरावर, कधीही न भेटलेल्या शेकडो शेजाऱ्यांच्या उपचारांची तजवीज अवलंबून असते.