शिडाच्या नौकेचा शिल्पी कोठे शिकावा?

मांडवीतील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका 2009 साली नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी दिलीप दोंदे तीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व 2010 च्या मे महिन्यात परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा 2013 साली पुरी केली. नौका बांधणारे हात येथले, चालविणारे नाविक येथले. आराखडा मात्र हॉलंडमधील व्हान द स्टाट यांच्या कचेरीतला. 2017 सालच्या ‘तारिणी’चीही तीच कथा. मग असा आराखडा आपल्या मुलामुलींच्या हातून का उतरू नये? आणि तो उतरावा, तर त्यांनी कोणत्या विद्यापीठाची वाट धरावी?

प्रथम या विद्येचे स्वरूप पाहू. मालवाहू जहाज बहुतांशी सरळ उभे राहून चालते. शिडाची नौका कलून चालते. वारा शिडाला पुढे ओढतो, तसाच बाजूलाही ढकलतो. हे ढकलणे अडविण्यासाठी नौकेच्या तळाशी पंखासारखा कणा असतो आणि त्यात भरलेले शिसे तिला पुन्हा उभी करते. शिसे वाढविले तर नौका जड होते. कमी केले तर वादळात उलटण्याचे भय. हा तोल गणिताने साधावा लागतो. केवळ सुंदर रेषा काढता येणे पुरेसे नाही.

म्हणून माझे मत असे, की पदवीच्या नावात ‘यॉट’ हा शब्द आहे की नाही, हे पाहून विद्यापीठ निवडू नये. पाया नौकास्थापत्याचा असावा. तो आपल्याकडेही घालता येतो. खरगपूरच्या तंत्रविद्या संस्थेत हा विषय 1952 पासून शिकविला जातो. कोचीन विद्यापीठात जहाजतंत्राचा अभ्यासक्रम 1975 साली सुरू झाला. मद्रासच्या संस्थेतही त्याची सोय आहे. बारावीला गणित व पदार्थविज्ञान पक्के असले, म्हणजे प्रवेशपरीक्षेची तयारी करता येते. या पदवीचा दुसरा लाभ व्यावहारिक आहे. आपल्या देशात शिडाच्या नौकांचे काम थोडे. परंतु मासेमारीच्या बोटी, प्रवासी होड्या, गस्तीनौका यांचे पुष्कळ. एक दार बंद दिसले तरी दुसरे उघडे राहते.

विशेष अभ्यासासाठी मग परदेश. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे या विद्येची जुनी परंपरा आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट विद्यापीठाने शिडाच्या नौकांच्या प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीत ओढून पाहिल्या आणि त्यांच्या नोंदींची जी मालिका तयार केली, तिचा उपयोग जगभरचे आराखडाकार करतात. मात्र खर्च मोठा असल्याने ही पायरी पदवीनंतरची असावी.

यावर कोणी म्हणेल, ऑलिन स्टीव्हन्स यांनी तर बोस्टनजवळील प्रख्यात तंत्रसंस्था वर्षभरातच सोडली होती. ते खरे आहे. त्यांनी ऐन तारुण्यात आखलेल्या ‘डोरेड’ने 1931 साली अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकली. परंतु पुढच्याच काळात त्यांना स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक डेव्हिडसन यांच्या परीक्षण-टाकीचा आधार घ्यावा लागला. पदवी टळली, शास्त्र टळले नाही.

उलट, नुसत्या पदवीनेही भागत नाही. सुट्टीचे महिने विद्यार्थ्याने नौकेच्या कारखान्यात काढावेत. फळी कशी वाकते, फायबरचे थर कसे चढतात, हे हाताने शिकावे. आणि शीड स्वतः हाकारावे. कागदावरची रेषा लाटेवर कशी वागते, याची परीक्षा तेथेच होते.

पालकांना एवढेच सांगणे, की संस्थेची माहितीपुस्तिका हाती आली म्हणजे तीन गोष्टी विचाराव्यात: तेथे परीक्षण-टाकी आहे काय, विद्यार्थी प्रत्यक्ष बांधणी करतात काय, आणि मागील वर्षांचे पदवीधर आज कोठे काम करीत आहेत. उत्तरे समाधानकारक असली, तर मुलाला किंवा मुलीला समुद्राच्या भयाने अडवू नये.