अक्षय्य तृतीया : उपवास आणि दान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अक्षय्य तृतीयेस दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आज वैशाख शुद्ध तृतीया. हिंदू बांधव हा दिवस साडेतीन मुहूर्तांत गणतात आणि पितरांच्या स्मरणार्थ पाण्याने भरलेला घट दान देतात. खानदेशात याच सणाला आखाजी म्हणतात. आपल्याकडे आज वर्षीतपाच्या तपस्वींचे पारणे होते. एकाच तिथीला एकीकडे दान, दुसरीकडे तप. या दोहोंचे नाते काय?

ते नाते भगवान ऋषभदेवांच्या चरित्रात आहे. दीक्षेनंतर दीर्घ तप करून प्रभू आहारासाठी नगरोनगरी विहरले. लोकांची भक्ती अपार होती. कुणी हत्ती-घोडे पुढे केले, कुणी रत्ने, कुणी वस्त्रालंकार. परंतु मुनीला निर्दोष आहार कसा द्यावा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वर्षाहून अधिक काळ प्रभू निराहार राहिले. अखेर हस्तिनापुरात राजकुमार श्रेयांसाला पूर्वजन्माचे स्मरण झाले, दानाचा विधी उमगला आणि त्याने इक्षुरस प्रभूंच्या ओंजळीत अर्पण केला. दाते पुष्कळ होते, संपत्तीही होती. समोरच्याला काय हवे हे पाहणारा मात्र एकच निघाला.

तत्त्वार्थसूत्रात दानाचे फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातही देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानास सात्त्विक म्हटले आहे. दोन्ही परंपरा दात्याला एकच सांगतात : देण्यापूर्वी पाहा.

आणि पाहण्याची ही दृष्टी उपवासाने लाभते. उपवास म्हणजे आत्म्याच्या समीप वास. देहाची मागणी थांबवली की दुसऱ्याची भूक-तहान जाणवू लागते. तसे न झाल्यास ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण केवळ इतरांना लागू राहत नाही. आपल्या पारण्यांनाही ती लागू पडते.

माझ्या मातोश्रींनी वर्षीतप केले, तेव्हाचा प्रसंग सांगतो. पारण्यास आम्ही मोठा मंडप घातला. उसाचा रस, प्रभावना, सारे थाटात झाले. भर उन्हात मंडप उभारणाऱ्या मजुरांना पाणी कुणी दिले नव्हते. शेजारच्या एक वृद्ध बाई पितरांच्या नावे भरलेला घट घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी तो त्या मजुरांपुढे ठेवला आणि स्वतः ओंजळीत पाणी घातले. मातोश्री नंतर एवढेच म्हणाल्या, “वर्षभर तप मी केले, पण यांची तहान मला दिसली नाही.” ते शब्द आजही मला बोचतात.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षांत या ट्रस्टला आपण सढळ हाताने दिले आहे. नामफलकांसाठी भिंती आता अपुऱ्या पडतात. पुढील वाटचालीत एवढेच करू या : आहार, औषध, ज्ञान वा अभय, कोणतेही दान देण्यापूर्वी घेणाऱ्याच्या दारी जाऊन त्याची गरज विचारू या. एका उपवासाच्या दिवशी वाचलेले अन्न त्याच दिवशी भुकेल्याच्या पानात पडो. असे दान थोडे असले, तरी अक्षय्य होईल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!