खांदेरीचा दीपस्तंभ

डोंगरकड्यावर, समुद्रापासून दूर वसलेल्या गावीही ज्याचा इतिहास आपलाच वाटावा, असा एक दीपस्तंभ अलिबागनजीक, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी बेटावर उभा आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकुमाने ज्या बेटावर तटबंदी सुरू झाली, आणि इंग्रज व सिद्दी अशा दोन्ही आरमारांच्या विरोधास न जुमानता मराठ्यांनी जेथे आपला अंमल कायम केला, तेथेच १८६७ मध्ये इंग्रज अमदानीत, मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांस दिशादर्शन व्हावे म्हणून, हा मनोरा बांधण्यात आला. मुंबईच्या जलमार्गावर नजर ठेवणारे जे स्थान दुर्गास मोक्याचे, तेच दीपासही उपयुक्त ठरले. मात्र दुर्ग शत्रूस अडवीत असे, तर दीप सर्वांनाच निष्पक्षपणे मार्ग दाखवितो.